सतराव्यासाठी बाहेर

मंगळवार, १० सप्टेंबर

पुस्तक नाही. इंटरनेट बघायचं नाही. एकमेकांना विचारायचं नाही. डॉ. ऑस्टबींनी प्रमेयांचा एक कागद वाटला, "फळा तुमचा," म्हणाले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले. बरोबर की चूक हे ते सांगणार नाहीत. वर्गाला पटलं की पटलं. जो तीन प्रमेयं फळ्यावर सिद्ध करेल तो पास. आणि मार्क कुठेही लिहून ठेवत नाहीत – सगळे त्यांच्या डोक्यात! वर्षानुवर्षं असंच चालू आहे म्हणे.

मी हादरलेच. सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय हवामानाची ओळसुद्धा छापली नाही. इथे तपासणारी कोण, तर वीस-एकवीस वर्षांची पोरं.

पण इलाज नाही. गणिताच्या मायनरसाठी, म्हणजे पदवीतल्या दुय्यम विषयासाठी, हा एकच अभ्यासक्रम उरलाय. मायनर हातात आलं तर जानेवारीपासून हायस्कूलमध्ये गणित शिकवायला घेणार आहेत. नाही आलं तर जागा दुसऱ्याला. पेपर बंद पडल्यापासून हे पहिलं काम आहे जे मला खरंच हवंय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आणखी एक नियम कळला. दुसरं कोणी एखादं प्रमेय मांडत असेल आणि ते तुम्हाला अजून स्वतः सोडवायचं असेल, तर उठून बाहेर जायचं. मांडून होईपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं. परत आल्यावर आत काय झालं ते कोणी सांगत नाही, आपणही विचारायचं नाही.

मला वाटलं, दाराला कान लावत असतील. छे. रेनी माकी म्हणून एक मुलगी आहे, खाणीच्या गावची, आवाज दणदणीत. ती माझ्याबरोबर बाहेर उभी होती. म्हणाली, "मार्लिस, तू पेपरवाली. तुला बातमी न विचारता राहवतं कसं?"

"नाही राहवत," म्हटलं.

"मग पाण्याच्या नळापाशी उभी राहा. तिथे काही ऐकू येत नाही."

मंगळवार, १ ऑक्टोबर

एक झालं! आठवं. वर्गाने दहा मिनिटं सोलून काढलं, पण टिकलं. सर उठताना म्हणाले, "छान, मिसेस लुंड." मी तर हॉगन. रेनी म्हणते, ते सगळ्यांना काहीही म्हणतात, स्टाईल आहे त्यांची.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सतरावं.

काही वस्तू घ्या. त्यांच्यात एक संबंध आहे, तो बाणाने दाखवायचा. बाण दोन्हीकडून जातो – अ कडून ब कडे असेल तर ब कडून अ कडेही. आणि पुढे पोचतो – अ कडून ब, ब कडून क, तर अ कडून क. सिद्ध करा की प्रत्येक वस्तूचा स्वतःकडेही बाण असतो.

वाटतं सोपं. अ कडून ब कडे जा, ब कडून परत या, झाला अ चा अ कडे बाण. दोन ओळी. पण तो ब आणायचा कुठून? तिथेच अडकले.

रेनीने आज तेच मांडलं. आम्ही तिघं बाहेर. चार मिनिटांत दार उघडलं. चार मिनिटांत! म्हणजे ब कुठून आणायचा हे तिला ठाऊक आहे. सगळ्या वर्गालाच ठाऊक आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पुढच्या प्रमेयांत सतराव्याचा आधार घेतात. कोणी "सतराव्यावरून" म्हणालं की मला उठावं लागतं. बाकी दोघं कंटाळली, सतरावं सोडून दिलं, आता आत बसतात. कॉरिडॉरमध्ये मी एकटी.

रेनी म्हणाली, "सोड ना. दुसरं घे. तुझ्यासाठी आम्ही किती वेळा दार उघडायचं?"

आज सरांनी "काही प्रश्न?" असं विचारलं, कोणी बोललं नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच आवाजात. पोरं हसली. आम्हाला विचार करायला लावायची त्यांची तऱ्हा.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

बाविसावं झालं. दोन. त्याला सतराव्याची गरज नव्हती. उरलेल्यांत बहुतेकांना आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दुपारी सरोवरावर वारा भयंकर, म्हणून घरातच सूप ढवळत उभी होते. डेस्कवरचे आमचे जुने संपादक आठवले. बातमीत 'प्रत्येक' दिसला की ते पेन्सिलीने गोल करायचे आणि विचारायचे, "एकही सुटत नाही? कोणाला विचारलंस?"

सतराव्यात 'प्रत्येक' आहे.

ज्याच्याकडून एकही बाण निघत नाही त्याचं काय?

सूप करपलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा पुन्हा तपासलं. एक ठिपका. बाण नाही. दोन्ही अटी मोडायलाच काही नाही, म्हणून दोन्ही पाळल्या जातात. आणि ठिपक्याचा स्वतःकडे बाण नाही. सतरावं खोटं आहे.

मला वेड तर लागलं नाही ना, असं वाटतंय. सगळ्या वर्गाने ते मान्य केलंय. त्यावर निम्मा अभ्यासक्रम उभा आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

हात वर केला. "सतरावं मांडते." पोरं कण्हली. कोणीतरी म्हणालं, "चला, एकदाची आत आली."

फळ्यावर एक ठिपका काढला. बाकी काही नाही. आणि खडू खाली ठेवला.

आधी हशा. मग रेनी म्हणाली, "बाण कुठेय?"

"नाहीये."

"मग ब कुठेय?"

"तेच. नाहीये."

तिचा चेहरा उतरत गेला. मी कधी पाहिलं नव्हतं कोणाला इतक्या सावकाश घाबरताना. तिची चार प्रमेयं, त्यातली सतरावं धरून तीन गेली. मागच्या बाकांवर प्रत्येकजण स्वतःची मोजत होता. वर्गाने दिलेलं वर्ग परत घेतो, हाही नियमच. आणि खोटं दाखवणंही सिद्ध करण्यातच धरतात, म्हणजे माझं तिसरं झालं.

कोणीतरी सरांकडे वळून बघितलं. ते म्हणाले, "काही प्रश्न?"

बाहेर रेनीने मला गाठलं. मला वाटलं, माझ्यावर भडकेल. "म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "आम्हाला पाच आठवडे त्यावर इमले बांधू दिले. मजा बघत बसला. माझी पदवी अडकलीये याच्यात."

खरंच, माणूस इतका निष्ठुर असू शकतो?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सरांच्या ऑफिसात गेले. विचारणारच होते. जुनी सवय, प्रश्न मनात घोकून गेले होते.

"सतरावं?" ते खुशीत हसले. "तो तर सापळा आहे. दरवर्षी कोणीतरी पडतं. एरवी मी बोलत नाही, पण तिथे लगेच अडवतो, म्हणतो, एक ठिपका घेऊन बघा. त्याच तासाला उलगडा होतो. फार सुंदर तास होतो तो."

"या वर्षी नाही अडवलंत, सर."

हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही.

"कोण पडलं?"

"सगळे."

"मी कुठे होतो?"

"तुमच्या खुर्चीत."

खिडकीबाहेर कोणीतरी फुटपाथवरचा बर्फ खरवडत होतं. मग सर म्हणाले, "तुम्ही पेपरात होता ना?"

"होते."

"हं," ते म्हणाले.

मी एकही प्रश्न न विचारता बाहेर आले. मिसेस लुंड, दोनदा विचारलेलं "काही प्रश्न?" – सगळं आमच्यासमोर होतं. आम्ही त्याला स्टाईल म्हणत होतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आणि मार्क त्यांच्या डोक्यात आहेत.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

रेनीला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तिचा राग चुकीच्या जागी होता. ती नळापाशी उभी राहिली, पाणी पीत राहिली, तहान नसताना.

"माझ्या आजोबांचं विसरणंही असंच सुरू झालं होतं," शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुझी शाळा?"

"माहीत नाही."

मंगळवार, ३ डिसेंबर

रेनीने आज तिसरं पूर्ण केलं. बाण नसलेले ठिपके वगळून, नव्याने. वर्गाने तिला एका तासात तीनदा खाली बसवलं आणि चौथ्यांदा मानलं. सर सगळा वेळ लक्ष देऊन ऐकत होते. निदान तसं दिसत होतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

शेवटचा तास. सर पुढे येऊन उभे राहिले, खिशातून पेन काढलं. म्हणाले, "यंदा माझ्या डोक्यावर भरवसा ठेवू नका. तुमची किती झाली ती तुम्हीच सांगा, मी लिहितो." एकेकाने उठून सांगितलं. कोणी वाढवून सांगितलं नाही. माझी पाळी आली. "तीन," मी म्हणाले. "आठवं, बाविसावं आणि सतरावं."

"सतरावं?" त्यांनी हात वर केला. "थांबा, सांगू नका. ते मला अजून स्वतः करायचंय." पेन टेबलावर ठेवून ते बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये नळापाशी जाऊन उभे राहिले.

कोणी हसलं नाही. रेनीने पेन उचललं, माझ्या नावापुढे तीन लिहिलं, आणि एक खुर्ची घेऊन त्यांच्याकडे बाहेर गेली.