इसोबेंचं पाणमांजर

त्सुरुगा,
१२ एप्रिल १९८५

चि. ताकेहारू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ओसाकात कंपनी काढून तुला टीव्हीला जोडून खेळायचे खेळ बनवायचेत आणि चित्रकार म्हणून माझाच नवरा सापडला! हे जन्मभर मच्छीमारांच्या बोटींचे झेंडे रंगवत आलेत. इथे झेंड्यावरचा मासा पुरुषभर, तुझ्याकडचा म्हणे नखाएवढा, तोही चौकोनांचा. आधी खूप हसले, मग चौकटीच्या कागदावर पाणमांजर काढत बसले. येताहेत. सासूबाईंना सोडून मला यायला जमणार नाही. जेवणाखाण्याकडे लक्ष दे, आणि धाकट्यानं धाकट्यासारखं वाग.

तुझी ताई
हात्सुए


ओसाका,
२० डिसेंबर १९८७

ती. हात्सुएताईस, सा. न. वि. वि.

पाणमांजराच्या खेळासाठी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. बिस्किटांच्या डब्यांवर पाणमांजर, दप्तरांवर पाणमांजर. आपल्या आबांचं ‘इसोबे’ आडनाव कंपनीला दिलं, ते आता सात मजली इमारतीवर लागणार. इवाओ भावोजींच्या हाताखाली पन्नास चित्रकार आहेत. तरी शेपटीला एक चौकोन जास्त हवा म्हणून माझ्याशी आठवडाभर भांडले. शेवटी मी तंत्रज्ञांपुढे हात जोडले, तेव्हा कुठे मिळाला. नववर्षाला त्यांना घरी पाठवतो. रागाव, पण लिहीत जा.

तुझा
ताकेहारू


ओसाका,
३ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वर्षभर तुझं पत्र नाही. का नाही, ते कळतं मला. सगळ्यांनी चारी बाजूंनी फिरून दिसणाऱ्या भरीव चित्रांचे खेळ आणले, आम्ही उशिरा धावलो. आमचं भरीव पाणमांजर बघून पोरं म्हणाली, हा तर भिजलेला बटाटा. माल गोदामात पडून आहे. हातानं चित्रं काढणारा विभाग गेल्या वर्षी बंद करावा लागला. भावोजींना कमी करायच्या कागदावर मीच शिक्का मारला. ते वाकून नमस्कार करून निघून गेले. शिव्या घाल हवं तर, पण गप्प राहू नकोस.

तुझा
ताकेहारू


त्सुरुगा,
११ ऑक्टोबर १९९८

चि. ताकेहारू यास आशीर्वाद.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, ऑगस्टमध्ये गेल्या. म्हणून पत्र नव्हतं. ह्यांनी मला सांगितलं होतं की डोळे अधू झाले, मीच काम सोडलं, ताकेहारू तर सोडायलाच तयार नव्हता. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ ह्यांच्या डोळ्यांत औषध घालतेय, आणि हा माणूस निमूटपणे मान वर करतोय! तुझं पत्र पुढ्यात ठेवलं, तर म्हणाले, नाहीतर तू माहेर तोडलं असतंस. सध्या मला तुम्हा दोघांशीही बोलायचं नाही. ह्यांना रोज जेवायला वाढावं लागतं; तुझ्याशी अबोला धरणं सोपं आहे. आशीर्वाद मात्र दिलेले आहेत, ते परत घेत नाही.

हात्सुए


ओसाका,
२ फेब्रुवारी २००२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अबोला मी मोडतोय. कंपनी गेली. पाचिंकोच्या जुगाराची यंत्रं बनवणाऱ्यांनी घेतली, नावासकट आणि पाणमांजरासकट. वकील म्हणाला, यापुढे धंद्यात ‘इसोबे’ वापरता येणार नाही. इमारतीवरची अक्षरं क्रेननं उतरवली, तेव्हा मी समोरच्या दुकानात नूडल्स खात होतो. कोणी ओळखलं नाही. मी मजेत आहे. खरंच मजेत आहे.

तुझा
ताकेहारू


त्सुरुगा,
९ फेब्रुवारी २००२

चि. ताकेहारू यास अनेक आशीर्वाद.

मजेत असलेला माणूस ते दोनदा लिहीत नाही. मार्चमध्ये इथल्या मच्छीमार होरिबेंची नवी बोट पाण्यात उतरतेय, झेंड्याचं काम ह्यांच्याकडे आलंय. कापड लांबलचक, रंगवताना दुसरं टोक ताणून धरायला माणूस लागतो. हे म्हणाले, ताकेहारूला बोलाव. मी म्हटलं, त्यानं आजवर नुसते शिक्के मारलेत, त्याला जमेल का? तर म्हणाले, धरायचंच तर आहे, त्यात शिकायचं काय?

रंग अंगावर उडतो. जुने कपडे घालून ये.

ताई