छापाचा एलिमिनेटर

सरकारी दवाखाना, परभणी
१२ फेब्रुवारी १९८७

प्रिय सुमी,

दत्तराव कंडक्टरांना आधी घरात घे. ते मेन स्विच खाली ओढतील आणि मी भाऊबीजेला दिलेला एलिमिनेटर काढून पिशवीत घालतील. अडवू नको, चहापाणी नंतर. तोवर अंबिकाला कडेवरून खाली सोडू नको. एवढं झालं की मग बसून वाच. दत्तराव माझ्या खाटेशी टोपी मांडीवर घेऊन बसलेत, पालमची गाडी सुटायला अर्धा तास हाय. अक्षराला हसू नको, डाव्या हातानं लिहायलोय. उजवा बांधलाय. बोटं शाबूत हायत म्हणतात डॉक्टर.

पाथरीच्या दुकानात मी तीन वर्षं ते एलिमिनेटरचे काळे डबे करतोय, तुला ठाऊकच हाय. सारखे सेल आणायची कटकट नको म्हणून लोक रेडिओ घरातल्या लायटीवर लावतात, मधे हा डबा. आत तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीत घरातला करंट, दुसरीत रेडिओला झेपेल तेवढाच. त्या दोघींची गाठ पडली की घात. म्हणून मधे जाड कागदाचे चांगले दोन-तीन थर द्यायचे असतात. तपासणीत त्या दोघींच्या मधे हजारावर व्होल्ट सोडून बघतात, दमटात ठेवून बघतात, टिकला तर आयएसआयचा छाप. मी एकही डबा कधी तपासायला पाठवला न्हाई. मधे वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालायचो. आणि छाप? तो एका छापखान्यातून पानभर उठवून आणलेला. कापायचा, थुंकी लावायची, चिकटवायचा. लाज वाटती सांगायला, पण तसंच हाय.

पोखर्णीचे किशनराव पौषात गेले. आमच्या दुकानात येऊन तासतासभर गाणी ऐकत बसायचे, तेच. सगळे म्हणाले हार्टफेल. मीही म्हणालो. तेराव्याला जेवून आलो, बुंदी दोनदा घेतली. मग मागच्या आठवड्यात त्यांच्या नर्मदाबाई रेडिओ आणि डबा फडक्यात बांधून दुकानात आल्या. रेडिओ बिघडला म्हणून न्हाई, तो गप बसत न्हाई म्हणून. बटण बंद केलं तरी कुणी तोंड मिटून गुणगुणल्यासारखा आवाज येतो म्हणाल्या. आणि सहज सांगत बसल्या, मालक एरियल धरूनच गेले. दात दिसत होते, तर मला वाटलं रेडिओतल्या गमतीला हसायलेत, म्हणाल्या. आठ दिवस आधीपासून म्हणायचेच, रेडिओ गुदगुल्या करायलाय.

सुमी, डबा माझ्याच हातचा. त्या गेल्यावर रेडिओ लावला आणि एरियलला टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला. प्लग काढला, तरी लागलेलाच. प्लग काढल्यावर दोन-चार क्षण आत दम राहतो, हे मला कळतं, बारा वर्षं रेडिओच दुरुस्त करतोय. पण मी एक अख्खी विडी ओढली. विडी संपली, त्यात गावातली लाइट गेली, पंखा थांबला, आणि तो दिवा तसाच. डबा उकलला. पट्टी जळून कोळसा झालेली, फक्त दंतमंजनाच्या जाहिरातीचा एक तुकडा राहिला होता. नुसते दात. मी झाकण लावून टाकलं.

तेव्हापासून जिथं तिथं टेस्टर लावायलो. दाराच्या कडीला, पितळी तांब्याला. कस्तुरा तुझी वहिनी, ती भाजी हलवत उभी होती, तिच्या हातातल्या पळीला हळूच लावला. दिवा लागला. ती म्हणाली, येड लागलं का तुमाला? देव करो आणि तेवढंच झालेलं असो.

आता हात सुटला की पोखर्णीला जाऊन नर्मदाबाईंना खरं काय ते सांगणार हाय. त्या चपलेनं मारतील, मारू देत. पाथरीतले डबे कस्तुरा घरोघर फिरून गोळा करायलीय.

आणि तुझा डबा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी लावून हाताच्या पाठीनं तपासला होता. झिणझिण आली होती, सुमी. मला कळलं होतं. पण सकाळी तू ओवाळणार, आता कुठं उकलत बसू म्हणून तसाच दिला. तू छाप बघून दाजींना म्हणालीस, दादा मला साधं देईल का? किशनरावांच्या डब्यातल्या पट्ट्या पेपरच्या ज्या अंकाच्या, तुझ्याही त्याच. काल तुझं पत्र आलं. अंबिका रेडिओ सोडत न्हाई, एरियल धरून खदाखदा हसते, मामाचा रेडिओ गुदगुल्या करतो म्हणते, असं तू कौतुकानं लिहिलंस. तसाच उठून तुझ्याकडं पळायला पाहिजे होतं. पण माझी अक्कल गहाण पडली. किशनरावांचा डबा परत लावला आणि एरियल मुठीत धरली. पोरीला काय होत असंल ते मला कळायला पाहिजे होतं. शुद्धीवर आलो ते आज सकाळी. सुमी, सुरुवातीला खरंच हसू येतं गं.

तुझाच,
बन्सीदादा