मशीनचं कपाळ

कुंडल,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. अंकितास,
तुजी आजी रंगूबाई हिचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमी समदी खुशाल हाय. तू साताऱ्याला येळंवर जेवतीस का नुसता चहाच ढोसतीस ते कळव. फोनवर तुजा आवाज आला की माज्या कानात नुसती चुळबुळ व्हती, शब्द काय लागत न्हाईत, म्हणून ह्ये लिवणं. तुजा आजा पलटणीत असताना त्येची पत्रं दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून मी अक्षरं गिरवली. ती आता तुज्यासाठी उपेगाला आली. चुका दिसल्या तर हास बिनधास्त, मला हितं कुठं ऐकू येतंय!

खंडेनवमी लय झ्याक झाली. तुज्या बानं अंगणात समदी हत्यारं मांडली. विळा, कोयता, टिकाव, मधी तुज्या आज्याचा मिलिटरीचा पट्टा. ट्रॅक्टर धुऊन नवरदेवासारखा उभा केला, त्येला झेंडूचा हार. शेळीनं त्यो अर्धा खाल्ला. मी उंबऱ्यात बसून बघत व्हते, तर मनात आलं, समद्यांची पूजा झाली आन् आतल्या खोलीतलं कंप्युटरचं मशीन तेवढं तसंच राहिलं. तुजी आई त्येच्यावर बीएचा अभ्यास करती, म्हंजी तिचं हत्यारच की त्ये!

मग समदी देवळाकडं गेल्यावर मी ट्रंकेतनं माजी मेणाची डबी काढली. तुमच्या टिकल्या आपल्या आपण चिकटत्यात, आमचं कुंकू मेणावर बसायचं. तुजा आजा गेल्यापासनं डबी उघडली नव्हती, मेण पार दगड झालेलं. दिव्यावर मऊ केलं. मशीनच्या तोंडाकडं बघितलं तर वरच्या अंगाला, बरोबर मधी, एक गोल. म्हटलं ह्येच कपाळ. मेण चांगलं दाबून बसवलं, वर कुंकू रेखलं. काय गोजिरं दिसलं म्हणून सांगू! सवाष्णीच्या कपाळाला मी आता हात लावत न्हाई, तुला ठावं हाय. पर मशीन थोडंच इचारतंय कुणाच्या हातचं म्हणून? घटकाभर बघत बसले. मग माणसं यायच्या आत पदरानं घासून घासून पुसलं. ह्ये तुलाच सांगितलं. आईला, बाला, कुणाला बोलू नगंस.

आता वाईट बातमी. दसऱ्यादिवशी सकाळी तुज्या आईनं मशीन लावलं तर लागंना. दिवा पेटतो, आत घुर्रर करतं आन् गप व्हतं. पुन्ना तसंच. तिचा त्यो प्रकल्प का काय, वर्षभर टायपत व्हती, त्यो समदा त्येच्या पोटात अडकला. दिवाळीच्या आत सांगलीला कालेजात द्यायचा हाय, न्हाई दिला तर वर्ष गेलं. पलूसचा दुरुस्तीवाला म्हणतो दिवाळी झाल्यावर आणा.

संध्याकाळी शेजारच्या तानुबाई आन् शालन सोनं द्यायला आल्या व्हत्या. तुजा बा त्यांच्याम्होरं म्हणाला, की अंकिताच म्हणती फोनवर, आईनं कायतरी भलतंच दाबलं असंल. मीबी बोलून गेले, की सकाळ-संध्याकाळ त्येच्यापुढं बसल्यावर मशीन तरी किती सोसंल. बाया हसल्या. तुजी आई चहा टाकते म्हणून आत गेली, ती भाईर आलीच न्हाई. शेवटाला चहा मीच केला आन् साखर टाकायची इसरले. आता तिनं मशीनवर जुनं लुगडं झाकलंय.

शेळीला करडं झाली, एक पार तुज्यासारखं नकटं हाय. या म्हातारीवरची माया पातळ करू नगंस.
तुजी आजी

*

सातारा,
६ ऑक्टोबर

ती. आजीस,
अंकिताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाचलं आणि मशीनच्या कपाळापाशी अशी फसकन हसले की आमटी सांडली. शेजारचे साहेब अजून माझ्याकडे संशयाने बघतात. कुणाला सांगणार नाही, शपथ. करडाच्या नाकाबद्दल मात्र आल्यावर भांडणार आहे.

पण पुढचं वाचून हसू गेलं. पप्पांनी फोन केला तेव्हा मी घाईत होते. काय झालं, कसं झालं, काही न विचारता बोलून टाकलं की आईने काहीतरी दाबलं असेल. ते वाक्य चारचौघींपुढे जाईल असं वाटलं नव्हतं. पण गेलं नसतं तरी ते चुकीचंच होतं ना! मला आईने हात धरून पाटीवर अक्षरं शिकवली, तेव्हा मी किती पाट्या फोडल्या हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते गं आजी.

मी आईला रोज फोन करते. ती म्हणते, बंदच बरं, या वयात कशाला ते. मशीनपाशी जा म्हटलं की तवा तापलाय म्हणून फोन ठेवते. पप्पांना विचारावं तर ते म्हणतात, मला त्यातलं काय कळतंय. म्हणून आता तूच माझे डोळे हो. चष्मा लावून जा आणि एवढं बघून कळव: मशीनच्या मागची जाड वायर घट्ट बसली आहे का, उंदराने कुठे कुरतडलंय का, आणि भिंतीवरचं बटण लावल्यावर नेमकं काय काय होतं. त्याच्या तोंडावर जे सुरू करायचं बटण आहे, ते बोटाने दाबल्यावर परत वर येतं का तेही बघ. आईला विचारू नकोस, नाहीतर तिला वाटेल आम्ही चौकशी लावलीय.

नकट्या नातीला विसरू नकोस.
अंकिता

*

कुंडल,
कोजागिरी होऊन गेल्यावर

चि. अंकितास,
आजीचे आशीर्वाद, घरच्या सायीच्या दुधासारखे दाट. वि. वि.

तुजं पत्र आलं तवा पोस्टमनला बसवून लाडू दिला आन् सांगितलं, की नातीनं मला इंजिनेर केलंय. त्यो म्हणाला, आजी, मग माजा मोबाईल बघा. घ्या!

तुजी आई सोयाबीन वाळवाया माळवदावर गेली तवा मी आत गेले. लुगडं बाजूला केलं. वायर घट्ट हाय. उंदीर न्हाई, एक पाल मातर व्हती, तिला हाकलली. भिंतीवरचं बटण लावलं आन् अंग चोरून उभी राहिले. मशीनला मी हातबी लावला न्हाई, तरी आपल्या आपण दिवा पेटला, घुर्रर केलं, आन् दम लागल्यासारखं गप झालं. तू म्हणतीस तसलं सुरू करायचं बटण मी लय हुडकलं, मला कुठं गावलं न्हाई. तोंडावर त्यो एक गोलच हाय. तोच बटण आसंल तर त्यो आधीच आत जाऊन बसलाय. बोटानं दाबला तरी हालत न्हाई, वर येत न्हाई. त्येच्या कडंनं लाल रेघ दिसती, लुगड्याच्या काठासारखी. ती कंपनीचीच असंल, म्हणून बरी वाटली.

आईचं काय सांगू. तिनं पुस्तकं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. काल जेवताना तुज्या बाला म्हणाली, की सांगलीला फोन करून माजं नाव काढा म्हणावं. तुजा बा भाकरी मोडत राहिला. मी म्हटलं, अगं, नाव कशाला काढतीस. तर म्हणाली, आत्या, माज्या हातानं नीट व्हतं ते बिघडलं, आता आन् काय बिघडवू? असं म्हणून माज्या ताटात तूप वाढलं.

तू लवकर काय ते सांग. गावली का खोड?
लोभ हाय तो दुपटीनं वाढीव.
तुजी इंजिनेर आजी

*

सातारा,
१२ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

खोड सापडली. तू इतकं नेमकं बघितलंस म्हणूनच सापडली. पण कसं लिहू कळत नाही. हा तिसरा कागद आहे, आधीचे दोन फाडले.

आजी, तो गोल म्हणजेच बटण. मशीनचं कपाळ नाही, सुरू करायची कळ आहे ती. दाबून सोडली की वर यायला हवी. ती आत अडकून राहिली की मशीनला वाटतं कुणीतरी बोट दाबूनच धरलंय, म्हणून ते उठतं आणि लगेच झोपतं. आणि कडेची लाल रेघ कंपनीची नाही. ते तुझं मेण आहे. पुसताना फटीत उतरलं असणार.

रागावले नाहीये गं. तू ज्या मायेने केलंस ते मला माहीत आहे. मशीनच्या आतलं काही बिघडलेलं नसणार, आईचा प्रकल्प सुखरूप असेल. भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढून ठेव. काडीने कडेकडेचं मेण हलकेच उकरून काढ. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून, घट्ट पिळून, त्याने पूस. बटण खालीवर होऊ लागलं, नीट वाळलं, की मगच वायर लाव.

पप्पांना मी फोन करून सांगितलं की चूक आईची नाही, माझं बोलणं चुकलं. ते म्हणाले, मग कुणाची? मी फोन ठेवला. कुणाला सांगणार नाही अशी तुझ्यापाशी शपथ घेतली आहे, ती मी मोडणार नाही. आईलाही मी एवढंच सांगितलं की तुझ्याने काही बिघडलं नाही. तर ती म्हणाली, तू माझी समजूत घालतेस.

पुढे तुला वाटेल ते कर. तू काहीही केलंस तरी माझी आजीच आहेस.
अंकिता

*

कुंडल,
वसुबारसेच्या आदला दिवस

चि. अंकितास,
आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. पुन्ना वाचलं. मग करडाला पोटाशी धरून बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी उठवंना. पोरी, ज्या तोंडानं मी म्हटलं मशीन किती सोसंल, त्या तोंडाला काय करू? माज्या मेणानं बिघडलं आन् त्या पोरीनं माज्याच ताटात तूप वाढलं.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात काय आलं. गुपचूप मेण काढावं, मशीन आपल्या आपण सुरू झालं म्हणावं, कुणाला काय कळतंय. काडीला कापूस वळून वात केली, करडाच्या जखमेला आणलेलं स्पिरिट व्हतंच. आत गेले. लुगडं उचललं, या बारीला नीट बघितलं, तर त्ये माजंच निघालं, निळं, तुजा आजा गेला त्या वर्षीचं. तिनं दुसरं काय टाकलं असतं, जुनं त्येवढंच. पर मला वाटलं, बघ, मीच झाकून बसलीया. तशीच भाईर आले.

तानुबाईला आन् शालनला हाका मारून बोलावलं. तुजा बा ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरत व्हता, त्येला आत घेतला. तुज्या आईला, दीपमालेला, चुलीपासनं उठवली. आन् समद्यांम्होरं सांगितलं. खंडेनवमीला मी मेणाची डबी काढली, नवरा गेलेल्या हातानं कुंकू लावलं, आन् पदरानं पुसून मेण खोलवर घातलं. मशीन मी बिघडवलं आन् बोलणी दीपमालेनं खाल्ली. तुमी ज्यावर हसला ते खोटं व्हतं, आन् हसवणारी मी व्हते. आवाज लय मोठा लागला असणार, मला माज्या आवाजाचा अदमास येत न्हाई, कारण रस्त्यावरनं जाणारा भाऊसो सायकलवरनं उतरला.

तानुबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता कुंकवावरनं बोलंल. शालन मातर म्हणाली, की मशीनला कपाळ असतंय ह्ये आमाला कुणी सांगितलंच न्हाई, आमी मिक्सरला कुठं लावायचं? मग हसू फुटलं, पर या बारीला माज्यावर, आन् ते बरं वाटलं. तुजा बा हसला न्हाई. माफी मागायची त्येला सवय न्हाई, त्येच्या बालाबी नव्हती. आत गेला, मशीनवरचं लुगडं काढलं, चार पदरी घडी घालून माज्या हातात दिलं, आन् माळ्यावरनं पुस्तकांचं गाठोडं उतरवलं. गाठ त्येला सुटंना, बसून दातानं सोडवली.

मेण दीपमालेनंच काढलं. मी वात धरून नुसती शेजारी बसले. लाल लाल कापूस निघाला. ती मला लहान पोरीसारखं दाखवत व्हती, आत्या, हितं बघा, अजून हाय. मग बटण वर आलं, टक् करून. वाळू दिलं. वायर लावली आन् मला म्हणाली, आत्या, तुमीच दाबा. मी हात पाठीमागं घेतला. तिनंच दाबलं. घुर्रर झालं, आन् गप झालं न्हाई. पडद्यावर तिचा प्रकल्प आला. तिनं पडद्याला हात लावून बघितला, ताप बघितल्यागत.

तवापासनं ती टायपतच व्हती. भाकऱ्या मी केल्या, वाकड्या. तुज्या बानं गुमान खाल्ल्या. काल पलूसला जाऊन कागद छापून आणलं. आज सकाळी तिला सांगलीला न्यायला त्यो गाडी पुसत उभा व्हता.

ती नवी साडी नेसून, कागद छातीशी धरून आली. मी म्हटलं, जा बाई, नीट जा. तर ती जाईना. कागद खाटंवर ठेवलं, माज्या ट्रंकेतनं मेणाची डबी काढून आणली, वर कुंकवाचा करंडा, आन् टिकली काढून माज्याम्होरं खाली बसली. म्हणाली, मशीनला लावलंत, आता मला लावा. मी म्हटलं, अगं, माज्या हातानं? दारात तुजा बा उभा हाय. ती म्हणाली, असू दे की उभा. डोळे मिटून बसून राहिली.

मेण लावलं गं पोरी, पर या बारीला लय हलक्या हातानं. दाबलं न्हाई.

आता त्या गाडीच्या वाटंकडं बघत लिवतीया. तू दिवाळीला ये, पणत्या तुज्यासाठी राखून ठेवते.
तुजी आजी, रंगूबाई