लिंबाचा चहा आणि सीताकल्याण

प्रिय सोमयाजुलु,

तुझं तोंड पाहायचं नाही असं मी गेल्या श्रीरामनवमीला ठरवलं, आणि अजून तरी ते पाळलं आहे. पत्रात तोंड दिसत नाही म्हणून लिहिते. ‘प्रिय’ हा नुसता रिवाज आहे, त्याच्यावर हुरळून जाऊ नकोस. उमेदीची सगळी वर्षं मी हरिकथा सांगितली आणि तू मागे बसून मृदंग वाजवलास, ‘अक्का, अक्का’ करत माझ्या घरी जेवलास. तेव्हा एवढा रिवाज पाळायला माझी हरकत नाही.

नवमीचा तो दिवस तू विसरला असशील, तुझ्या सोयीचं आहे ते. पेठेतला मांडव माणसांनी फुललेला, माझ्या पायात घुंगरं, हातात चिपळ्या, गळ्यात हार आणि ओटीपोटात निखारे. रामाने धनुष्याला हात घातला आणि मला आत पळावं लागलं. परत आले, सीता वरमाला घेऊन निघाली, की पुन्हा आत. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा बायकांतून कुणीतरी ओरडलं, ‘अगं, लग्न तरी लागू दे!’ आणि अख्खा मांडव हसला. मी मोरीत भिंतीला टेकून तुझा मृदंग ऐकत होते. वाटलं, बिचारा वेळ भरून काढतोय. टाळ्या पडल्या. बाहेर येऊन बघते तर माझ्या जागी तुझी भाची हैमवती उभी, माझ्याच चिपळ्या घेऊन, मी शिकवलेल्या चालीत माझंच सीताकल्याण सांगत होती. कथा संपल्यावर तू मांडवाच्या प्रमुखांना, वीर्राजू गारूंना म्हणालास, ‘अक्काचं वय झालं हो, शरीर ऐकत नाही. पुढच्या वर्षी पोरीलाच उभी करू.’ मी तिथेच कनातीमागे घुंगरं सोडत बसले होते. सगळं ऐकलं.

आणि मला ते खरं वाटलं, काय सांगू. घरी आले आणि पाणी तोडलं. प्यायलंच नाही तर जायला कशाला लागेल, हा आपल्याकडच्या सगळ्या कथेकरी बायकांचा हिशेब. कथेच्या दिवशी तर सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, फक्त गळ्यासाठी तुझा तो थर्मास. कडक काळा चहा, त्यात लिंबू पिळलेलं, आलं आणि मिरी. ‘घे अक्का, आवाज मोकळा होईल.’ व्हायचा मोकळा, खोटं का बोलू. तू स्वतः उकळून आणायचास, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. सख्खा भाऊ असता तरी इतकं केलं नसतं, असं मी चारचौघांत सांगत फिरायची. कथा सुटली तरी पहाटेच्या सरावाला मी तोच चहा स्वतः करून पीत राहिले.

आषाढात लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा धाकट्या जावेने मला ओढत डॉक्टर कनकदुर्गांकडे नेलं. तपासलं, जंतू नव्हतेच. त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. ‘मागच्या हिवाळ्यात तुमचा भाऊ रिपोर्ट न्यायला आला होता, त्याला बसवून सगळं समजावलं होतं मी. लिंबू, कडक चहा-कॉफी, तिखट, टोमॅटो, सोडा, काहींच्या मूत्राशयाला हे झोंबतं. थोडे दिवस सगळं बंद करायचं, मग एकेक सुरू करून पाहायचं, कशाने त्रास होतो ते. आणि पाणी तोडायचं नाही. लघवी जितकी घट्ट, तितकी जास्त जळते. काही पाळलं नाहीत ना?’ सोमयाजुलु, मला भाऊ नाही. त्या हिवाळ्यात तपासणीला देऊन मी परगावी कथेला गेले होते, रिपोर्ट तू आणला होतास. ‘काही निघालं नाही अक्का, वयाचं आहे,’ एवढंच म्हणाला होतास.

मग मी काय काय गिळलं तेही ऐक. भात, मुगाची डाळ, दोडका, दुधी, ताक. गोदावरीकाठच्या बाईने नवीन फोडलेल्या आवकाय लोणच्याच्या बरणीकडे पाठ करून दुधी खायचा! घरभर मोहरीचा आणि तेलाचा वास, जावेची पोरं बोटं चाटतायत, आणि मी घासागणिक तुला शिव्या देतेय. पण निखारे विझले. रात्रभर झोप लागायला लागली. मग एकेक परत सुरू केलं. आवकाय खाल्लं, काही झालं नाही. चिंचेचं पातळ, आंबट चारू ओरपलं, काही नाही. कॉफी अर्धा पेला चालते, त्यावर गेलं की कुरबुर. शेवटी मुद्दाम तुझा चहा केला. भांडी घासून व्हायच्या आत जळजळ सुरू. पुढे नुसता चहा पिऊन पाहिला, नुसतं लिंबू घेऊन पाहिलं. खरं वैर लिंबाचं निघालं. हे माणसागणिक वेगळं असतं म्हणतात. हैमवतीला मानवत असेल तर खुशाल पाज.

तू मला विष घातलंस असं मी म्हणत नाही. आधी तुलाही माहीत नव्हतं, आणि तेव्हा तू तो चहा मायेनेच करत होतास, हे मला ठाऊक आहे. त्याचाच जास्त राग येतो. कळल्यावरही तू लिंबू पिळत राहिलास. भाचीला जागा हवी होती तर मागायची होतीस. उत्सवाच्या नऊ दिवसांतला एक दिवस मी तिला हळदकुंकू लावून दिला असता, माझ्या हाताने घुंगरं बांधली असती. तुला मागायची लाज वाटली आणि माझं हसं करायची वाटली नाही.

कार्तिकात शेजारच्या गावच्या शिवालयात मी कथा सांगितली. मधूनमधून घोटभर पाणी पीत, एकदाही आत न जाता, मंगलारतीपर्यंत. वीर्राजू गारू पुढेच बसले होते. परवा ते घरी आले आणि या नवमीचं सीताकल्याण मीच सांगायचं ठरलं. मृदंगावर कोण हवं, विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. मायेने नाही सांगितलं, सोमयाजुलु. धनुष्य मोडायच्या आधी लोकांना हसवायला मी एक मधली गोष्ट घालते, तिथे इतकी वर्षं ठेका तूच धरलास. यंदाची गोष्ट एका मृदंगवाल्याची आहे. त्याला डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, तरी तो आपल्या अक्काला लिंबू पिळून देत राहिला. हे पत्र तेवढ्यासाठीच. माझ्यामागे बसून ठेका धरलास, तर गोष्टीतल्या माणसाचं नाव मी घेणार नाही. नाही आलास, तर नाव, घराणं, भाची, सगळं भर मांडवात सांगेन. काय ते वीर्राजू गारूंना कळव, मला कळवू नकोस.

तुझी होते तेवढं पुरे झालं,
मंगतायारू