रिकामा डबा

शनिवार, १४ ऑगस्ट २००४

आले एकदाची कॉलेजला! बाबांनी अर्विंगच्या घरून व्हॅन इतकी जपून आणली की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून दमले. आईने सोबत काय दिलं नाही ते विचारावं. राइस कुकर (डॉर्ममध्ये, म्हणजे हॉस्टेलात, बंदी आहे, म्हणून टॉवेलात गुंडाळून), लिंबाचं लोणचं, बुद्धाची वीतभर मूर्ती आणि चिवड्याचं उशीएवढं पाकीट. प्रणिताने लोकरीचे दोन लाल-पिवळे गोफ विणले होते. एक माझ्या मनगटावर बांधला, एक स्वतःच्या. माझी ही धाकटी बहीण अकराच वर्षांची आहे, पण निघताना रडायचं नाही असं ठरवून पार्किंग लॉटकडे बघत बसली होती. मीही रडले नाही. व्हॅन वळल्यावर मात्र रडले.

ही वही मराठीतच लिहिणार. नागपूर सोडून दोन वर्षं झाली तरी मनातलं इंग्रजीत येत नाही, शिवाय रूममेटला वाचता येणार नाही हा फायदा. रूममेटचं नाव केली. तिच्या वडिलांची पिकानची बाग आहे. पिकान म्हणजे अक्रोडाचा चुलतभाऊ. बोटात निळ्या खड्याची अंगठी घालते आणि झोपेतसुद्धा हसते. मला आवडली.

सोमवारपासून रश, म्हणजे सोरॉरिटी निवडायचा आठवडा. आईला समजावून सांगितलं की मुलींच्या अशा संघटना असतात, प्रत्येकीचं मोठं घर असतं, आतल्या मुली एकमेकींना सिस्टर म्हणतात. आई म्हणाली, म्हणजे महिला मंडळ. हो आई, महिला मंडळ.

आईला एक सांगितलं नाही. हायस्कूलची दोन वर्षं मी रोज एकटी जेवले. इथे तसं जेवायचं नाही, काहीही झालं तरी.

मंगळवार, १७ ऑगस्ट

रश म्हणजे शुद्ध कांदेपोहे आहेत! फरक एवढाच की पोह्यांऐवजी लेमोनेड, आणि बघायला आलेल्या तीसजणी. ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभं राहायचं, हसायचं, छंद काय विचारलं की वाचन सांगायचं. पहिल्या घरात सगळ्या टाळ्या वाजवून इतक्या किंचाळल्या की माझ्या कानठळ्या बसल्या. दुसऱ्या घरात मी इंडियन म्हटल्यावर एकीला रेड इंडियन वाटले, कुठल्या ट्राइबची असं तिने विचारलं. मी म्हटलं, नागपूरची. तिने मान डोलावली.

तिसरं घर रस्त्याच्या टोकाला आहे, पांढऱ्या खांबांचं. तिथे कोणी किंचाळलं नाही. व्हिटनी म्हणून त्यांची अध्यक्ष आहे, तिने मला शेजारी बसवलं, हात हातात घेतला आणि घरी कोण कोण असतं, कोणावर सगळ्यांत जास्त जीव आहे, हे सगळं विचारलं. मी गोफ दाखवला आणि प्रणिताबद्दल बोलतच सुटले. अमेरिकेत आल्यापासून इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. एकच गोष्ट खटकली. एवढ्या मोठ्या घरात कोणाच्याच आईवडिलांचा फोटो नव्हता.

निघताना निळा पत्र्याचा गोल डबा दिला, घरी केलेल्या कुकीज भरून. गुरुवारी डबा परत आणायचा, एवढंच म्हणाल्या.

गुरुवार, १९ ऑगस्ट

आईला फोनवर डब्याचं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, सुजाता, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, चार दाणे साखर तरी घाल. मला हसू आलं. पण सवय ती सवय. चिवडा संपला होता (केलीने संपवला), म्हणून तिच्याकडेच मागितलं. तिने स्वतःच्या हाताने सोललेले पिकानचे दाणे ओंजळभर दिले.

व्हिटनीने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बहुतेक मुली डबा रिकामा आणतात. कोणी सोलले, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या रूममेटने, केलीने. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवार, २१ ऑगस्ट

खांबांच्या घराने मला घेतलं! मला! हिरवळीवर सगळ्यांसमोर नाव पुकारलं, व्हिटनीने मिठी मारून सिस्टर म्हटलं. केली माझ्याहून जास्त नाचली. प्रणिताला फोन केला तर बाईसाहेब फुगल्या, म्हणे, 'यू ऑलरेडी हॅव अ सिस्टर.' मी म्हटलं, अगं वेडे, तू ती तूच. उद्या सामान तिकडे हलवणार. आज पन्नासजणींमध्ये बसून जेवले.

सोमवार, २३ ऑगस्ट

केलीला मारलं.

भरदुपारी, डॉर्मच्या लाँड्री रूममध्ये. कोणीतरी तिचा उजवा हात ड्रायरच्या दारात धरून दार पुन्हा पुन्हा आपटलं. दोन बोटं जागीच तुटली. ओरडू नये म्हणून जबड्यावर काहीतरी जड मारलं, जबडा मोडला. मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. तिचे वडील टोपी हातात घेऊन नुसते उभे होते. केलीने मला पाहिलं आणि ती पलंगावरच मागे मागे सरकायला लागली. बोलता येत नव्हतं, पण माझ्याकडे बघून मान जोरजोरात हलवत होती. नर्सने मला बाहेर काढलं.

माझ्याकडे बघून का? मला कळत नाही. मन कशात लागत नाही.

बुधवार, २५ ऑगस्ट

आज कळलं.

निळा डबा माझ्या पलंगावर होता. वर कुकीज, खाली मेणकागद, मेणकागदाखाली केलीची निळ्या खड्याची अंगठी. खड्याच्या कडेला रक्त वाळलेलं. व्हिटनी दारातच उभी होती. लपवलं काही नाही तिने, अभ्यास समजावून सांगावा तशी शांतपणे बोलली. सिस्टरला दुसरं कोणी असून चालत नाही. ज्या हाताने केलेलं डब्यात येतं, त्या हातापासून आम्ही तुला सोडवतो. पहिला डबा ओळखीचा असतो. दुसरा खरा. त्यात जिच्यावर जास्त जीव, तिच्या हातचं. तिने स्वतः तिच्या आईच्या हातची फज, म्हणजे चॉकलेटची वडी, आणली होती, हे सांगताना ती हसत होती.

आणि रिकामा दिला तर? तर तू आमची नाहीस, म्हणाली, एवढंच. चार सप्टेंबरला, पहिल्या फुटबॉल मॅचच्या दिवशी, डबा घेतात, तोपर्यंत तो माझ्या पलंगावरच राहायचा. पळालीस तर अर्विंगचा पत्ता आमच्याकडे आहे, हेही सांगितलं.

मी केलीचं नाव घेतलं होतं. माझ्या तोंडाने.

गुरुवार, २६ ऑगस्ट

कॅम्पस पोलिसांकडे गेले. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, अंगठी ठेवून घेतली, पाणी दिलं. नव्या मुलींची थट्टा करतात गं, मनावर घेऊ नकोस, म्हणाला. त्याची बायको त्याच घरातली आहे.

परत आले तर अंगठी डब्यात.

कुकीज टाकून दिल्या. अंगठी बुद्धाच्या मूर्तीखाली ठेवली. डबा घासून, पुसून, पालथा घातला. चार सप्टेंबरला रिकामा देणार. रिकामा दिला की मी सुटले, प्रणिता सुटली. मग पुन्हा एकटी जेवेन, जन्मभर जेवेन.

रविवार, २९ ऑगस्ट

घरी फोन केला. आईबाबा मॅच बघायला येणार होते, येऊ नका म्हटलं, हात जोडून सांगितलं. बाबा दुखावले, म्हणाले आमची लाज वाटते का गं मैत्रिणींसमोर. मग खरं ते सांगितलं, या मुली मारतात, केलीला मारलं. आईने मध्येच फोन घेतला. रॅगिंग आहे हे, म्हणाली, नागपूरला तुझ्या मामालाही झालं होतं. आम्ही येतो, चार शब्द गोड बोलतो, मग बघ कशा सरळ येतात. मी ओरडले, आई, येऊ नकोस. ती म्हणाली, रडू नकोस बाळा, येतोच आम्ही.

माझी आई. कोणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनातही कधी येत नाही.

गुरुवार, २ सप्टेंबर

रोज बघते. रिकामा आहे. पालथा आहे. घरात सगळ्या माझ्याशी फार गोड वागतात, माझे केस विंचरतात. बाबांना पुन्हा फोन. शनिवारी संध्याकाळी पोचू म्हणाले. डबा सकाळीच घेतात. म्हणजे ते येण्याआधी — म्हणजे ठीक आहे. ठीक होईल.

शनिवार, ४ सप्टेंबर. दुपार

कोठीत कोंडलंय. खाली, तळघरात. फोन घेतला. वही पाठीवरच्या सॅकमध्ये होती.

सकाळी मला स्टेडियमवर पाठवलं, फिती बांधायला. डबा तू परत आल्यावर घेऊ म्हणाल्या. परत आले तर पलंगावर डबा नव्हता. दारात आमची व्हॅन.

व्हिटनी दाराबाहेरून सगळं सांगतेय, लाडाने. आईबाबा लवकर आले. पहाटेच निघाले, मला सरप्राइज म्हणून. आईने पलंगावर पालथा डबा बघितला. चक् चक् केलं. म्हणाली, अगं बाई, इतके दिवस यांचं भांडं तसंच ठेवलंय पोरीने. बेसनाचे लाडू आणले होते. भरला. स्वतः नेऊन दिला. आमच्यात रिकामं परत देत नाहीत, असं समजावून सांगितलं. व्हिटनी म्हणाली, आमच्यातही अगदी असंच आहे.

आणि प्रणिता उड्या मारत ओरडली, 'आय मेड देम! ऑल ऑफ देम!'

आईबाबांना मॅचची तिकिटं दिली. ते गेले. हसत गेले. प्रणिता इथेच — टीमच्या रंगात तोंड रंगवून घ्यायला, सिस्टर्सकडून.

नंतर

वर पावलं. पळण्याची. छोटी पावलं. मग मोठी, पुष्कळ.

ताई, ताई ओरडतेय. ड्रमच्या आवाजात — सगळं गाव स्टेडियमवर — कोणाला ऐकू जाणार —

दारावर खांदा मारून मारून — दार हलत नाही —

ओरडून सांगितलं, मला घ्या, तिच्याऐवजी मला. माझा हात. मग दार साखळीपुरतं वीतभर उघडलं. डबा आत सरकवला. लाडू नाहीत त्यात. भर, म्हणाली. तुझ्या हातचं.

माझ्या हातचं इथे काही नाही. पिठाची पोती. डबे. मटणाचा सुरा.

फक्त हात आहे.

डाव्या हाताने

झालं. तीन बोटं. चौथ्याला सुरा अडकला. गोफ घट्ट बांधलाय मनगटावर, लाल कुठला पिवळा कुठला कळत नाही. डबा बाहेर दिला. भरलेला. व्हिटनीने झाकण उघडलं, आवाज आला. टाळ्या वाजवल्या त्यांनी. सगळ्यांनी.

सोडा आता तिला. भरून दिला ना. सोडा.

वर आवाज थांबले. पळण्याचा नाही. ताई अशा हाकेचाही नाही. गेली असेल. सुटली असेल. आईकडे —

दार वीतभर उघडलं. डबा परत आत. व्हिटनी म्हणतेय, तुझ्या आईने शिकवलं, रिकामं परत द्यायचं नसतं.

जड आहे. बेसनाचा वास. झाकणात लोकर अडकलीय, लाल — पिवळी — माझी नाही, माझी तर माझ्या —