सहा महिने गादी विसरा

तुळजापूर

प्रिय उत्कर्ष,

हातात फोन असताना ताईला पत्राची कुठली हौस आली म्हणून हसू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग हसायचं की नाही ते ठरव. गेल्या आठवड्यात मला असे एकावर एक धक्के बसलेत, की फळ्यावर तारीख लिहितानाही माझा हात मध्येच थांबतो आणि पोरं एकमेकांकडे बघतात.

पहिला धक्का आईचा. तिची कंबर धरलीय, एवढंच आम्ही तुला सांगितलं होतं. खरं असं, की शेजारच्या गजराबाईंचा सकाळीच मला येरमाळ्याला शाळेत फोन आला, "भैरवी, लवकर ये, तुझ्या आईला उठता यीना." मी मिळेल त्या एसटीनं घर गाठलं. आई माजघरात शहाबादी फरशीवर, नुसत्या सतरंजीवर. मला वाटलं पडली. पडली नव्हती रे, रोज तिथंच निजत होती! पौषातली थंडी, शेजारी पलंग रिकामा, आणि ही भुईवर. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं तिला खालीच बरं वाटतंय." बाबांचं तुला माहीतच आहे, घरात हत्ती आणून बांधला तरी पेपर वाचून झाल्यावरच विचारतील, हा कुणाचा म्हणून. डॉक्टरांनी तपासलं तर डावा पाय घोट्याखाली बधिर. शीर दबलीय म्हणाले. आता गादीवरच निजायचं, फरशीवर निजणं असंच चाललं तर हा पाय कामातून जाईल, असं त्यांनी आईच्या तोंडावरच सांगितलं.

आणि आई गादीवर जायला तयार नाही. बाबा ओरडले, मी हातापाया पडले, गजराबाईंनी समजावलं. नाही म्हणजे नाही. शेवटी कारण बाहेर आलं. भाद्रपदात देवी निद्रेला गेली की आपल्या घरात कुणी गादीवर निजत नाही. देवी पलंगावर, आपण भुईवर, हे तुझ्याही अंगवळणी पडलेलं. नेमक्या त्याच दिवसांत तुझा पुण्यातला कोडिंगचा कोर्स सुरू झाला आणि तू फोनवर हसत हसत सांगितलंस, की सरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, सहा महिने गादी विसरा. सर बोलायच्या रीतीनं बोलले, तू त्याच रीतीनं सांगितलंस. पण ज्या बाईनं जन्मभर देवीसाठी गादी सोडली, तिला त्याचा दुसरा काय अर्थ लागणार? तिला वाटलं, कोडिंग शिकायचं तर असाच नेम धरावा लागतो. घटस्थापनेला देवी उठली, आमच्या गाद्या परत आल्या. तिनं आपली गुंडाळून माळ्यावर टाकली. "लेकरू तिकडं भुईवर निजतंय, आणि मी हितं गादीवर लोळू व्हय गं?" असं मलाच विचारलं तिनं.

मी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना. तिला म्हटलं, अगं, तुझा लेक चांगला मजेत आहे. वेळेवर निजतो, तासातासाला उठून डोळ्यांवर पाणी मारतो, पाठीला उशी लावून ताठ बसतो, संध्याकाळी टेकडीवर फिरून येतो. तूच सांगितलेलं सगळं, दर रविवारी. मला त्याचं इतकं कौतुक, की आठवीच्या पोरांना तुझी दिनचर्या ऐकवली मी, अभ्यास कितीही असला तरी तब्येत कशी सांभाळावी याचं उदाहरण म्हणून! आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोनवर समदीच लेकरं मजेत असतेत." मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, थांब, तुला त्याच्या गादीचा फोटोच आणून दाखवते.

तुला न सांगता मी पुण्याला आले होते, उत्कर्ष. गुरुवारी. दुपारी तुझ्या खोलीवर आले, तुझ्या सोबत राहणाऱ्या कृष्णराजनं दार उघडलं. तू समोरच होतास. खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला, मान लटकलेली, एक हात अजून लॅपटॉपवर. मी हाक मारणार तोच त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "उठवू नका ताई, लई दिसांनी डोळा लागलाय त्याचा." बिचारा आपल्याकडच्याच सास्तूर गावचा पोरगा, तुझी लाज त्यालाच वाटत होती. मी खोली बघत राहिले. आईनं कापूस पिंजून घेऊन भरलेली गादी भिंतीशी उभी, सुतळीला तिनंच मारलेली गाठ तशीच. टेकडीवर फिरायला घेतलेल्या बुटांत दुकानातला कागद. शेंगांच्या चटणीच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. कोपऱ्यात नूडल्सच्या पुड्यांचा ढीग, खिडकीला भरदुपारी चादर. अडाणीपणानं आई काहीतरीच समजली म्हणून मी हसले होते ना? ती समजली ते बरोबर होतं. चूक आमची, तुझं ऐकणाऱ्या शहाण्यांची.

कृष्णराज म्हणाला, दर आठवड्याच्या परीक्षेत कुणीतरी गळतं, आणि तू पहिल्या परीक्षेपासून घाबरलायस. "ताई, ह्यो जागून जागून जी चूक हुडकतो, ती आमाला निजून उठल्यावर एका नजरेत दिसती. पण ऐकतंय कोण?" तुला कशाची भीती वाटली रे? आमची? कोर्स जमला नाही तर तू घरी ये. येताना दाढी करून ये, एवढंच. तू वाया गेलास असं या घरात कुणी म्हणणार नाही, आणि घराबाहेर कुणी म्हणालं तर त्याला मी आहे. पण त्या खुर्चीत बघितलं तेव्हा क्षणभर तुझा श्वास चालू आहे का तेच मला कळेना. तो क्षण मी कुणालाच सांगितलेला नाही.

गाठ मी दातानं सोडली. गादी पसरली आणि आम्ही दोघांनी तुला उचलून तिच्यावर ठेवलं. तू जागाही झाला नाहीस, नुसता "ब्रॅकेट, ब्रॅकेट" असं बरळलास आणि कुशीवर वळलास. उठल्यावर गादीवर कसा आलो याचं कोडं पडलं असेल, कृष्णराजला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. तसाच तुझा फोटो काढला आणि मिळाली ती गाडी धरून परत आले. आईनं फोटो डोळ्यांपाशी नेला. "दाढी किती वाढलीया," म्हणाली. मग बराच वेळ बघून म्हणाली, "पण निजलाय गं." आणि स्वतःच पलंगाला धरून उठली. माळ्यावरची गादी बाबांनी खाली काढली.

आता ऐक, फोन का केला नाही ते. फोनवर तू लगेच "मी मजेत" म्हणाला असतास, आणि घरी आईच्या कानावर पडल्याशिवाय एक शब्द बोलता येत नाही. कृष्णराज गावाकडे आलाय, त्याच्याच हाती हे देतेय. आई रोज अंथरुणाला पाठ टेकवण्याआधी मला विचारते, "उत्कर्ष गादीवर निजला का गं?" मी येरमाळ्याला मुक्कामी असले तर फोन करून विचारते. आणि मी काहीही माहीत नसताना "व्हय" म्हणते. मगच ती पाय वर घेते. हे "व्हय" माझ्यानं आता रेटवत नाही. उद्यापासून तू मला रोज निजायच्या आधी कळवायचं, खरं असेल तेच. निजत नसशील तर तसं सांग, मी आईला तसंच सांगेन. मग ती पलंगावरून खाली उतरेल, आणि तिला अडवायला मी जाणार नाही.

तुझीच,
भैरवीताई