आठ दिव्यांचा उजेड

पप्पा,

तुम्ही घरमालकीण काकींशी खोटं का बोललात? भीतीनं, की सोयीचं म्हणून? आता विचारू कुणाला, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

उमेळे गावातली आपली भाड्याची खोली तीच आहे, खिडकीही तीच. हनुक्काला, आपल्या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, तुम्ही तिथं खोबरेल तेलाचे दिवे लावायचात, रोज एक वाढवत आठव्या दिवशी आठ, आणि ते पेटवणारा नववा, शमाश, जरा उंचावर. तुम्ही हिब्रू प्रार्थना म्हणायचात, मी मागून म्हणायचे. एकदा मी त्या दिव्यांपाशी भूगोलाचं पुस्तक उघडलं, तर तुम्ही ते मिटलंत. "वाचायचं तर शमाशच्या उजेडात वाच. या आठांचा उजेड आपल्या कामाला वापरायचा नाही. तो लोकांनी बघायचा. आपण कोण ते लपवायचं नाही." तेवढ्या बोलण्यावर मी कॉलेजची वर्षं काढली, पप्पा. घरातली पहिली ग्रॅज्युएट. प्रत्येक फॉर्मवर धर्म ज्यू लिहिला, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" विचारणाऱ्या प्रत्येकीला बसवून समजावलं.

हनुक्काच्या दिवसांत काकी वाडीतली शेवंती पाठवायच्या आणि तुम्ही ती दिव्यांपाशी मांडायचात. मला वाटायचं, हनुक्काला फुलं लागतातच. यंदा पहिल्या संध्याकाळी काकी स्वतःच परडी घेऊन वर आल्या, कौतुकानं बोलत बसल्या. "तुझा बापूस खोली बघाया आला तवाच बोलला, आमचं मार्गशीर्षाचं व्रत असतं, लक्ष्मीचं, आठ दिस दिवे लावतो. बाप्या मानूस एवढं पाळतो, म्हनून मी फुलं धाडत आले."

मी आईकडे पाहिलं. ती मोरीकडे वळली. तिला ठाऊक होतं.

माझं पुस्तक मिटलंत, आणि स्वतः मात्र त्याच उजेडावर खोली मिळवलीत.

सात दिवस मी फुलं घेत राहिले. आज आठव्या दिवशी खाली जाऊन काकींना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. तुझ्या बापाला मी जातधर्म कधी विचारलाच नव्हता, म्हणाल्या. मग हातातल्या परडीकडे बघत राहिल्या.

"मग एवढी वर्सं माझी फुलं कुनाला वाहिलीत?"

परडी घेऊन त्या आत गेल्या.

वर येऊन मी आठही दिवे लावले, फुलांशिवाय. प्रार्थना पूर्ण म्हटली. मग शमाश विझवला, आणि हे सगळं त्या आठांच्या उजेडात लिहिलं.